लेखाक्षेत्रात जायचे असल्यास एम.कॉम. कोठून करावे: बेळगाव, कोल्हापूर की पुणे?

निपाणीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून लेखाक्षेत्रातच नोकरी करायची आहे, तर एम.कॉम. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातून करावे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून करावे की पुणे गाठावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बेळगावात एका सीएंच्या कार्यालयात काम करतो आणि नव्या उमेदवारांच्या निवडीच्या वेळी उपस्थित असतो. माझे स्पष्ट मत असे, की विद्यापीठ निवडण्यापूर्वी काम निवडावे, कारण कोणत्या कामाला कोणती पात्रता लागते हे या क्षेत्रात बहुतांशी नियमांनीच ठरवून दिलेले आहे.

कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालावर स्वतःची सही असावी अशी इच्छा असेल, तर एम.कॉम. कितीही नामांकित विद्यापीठाचे असले तरी त्याने तो अधिकार मिळत नाही; त्यासाठी सीएच (सनदी लेखापाल) व्हावे लागते. बी.कॉम.ला ५५ टक्के गुण असल्यास सीएची पहिली, म्हणजे फाउंडेशन, परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमीडिएट परीक्षेला नोंदणी करता येते, आणि तिचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर २ वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, असते. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतच देता येते, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने लेखामानके आतापासून इंग्रजीत वाचावीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्री किंवा चिकोडी भागातील साखर कारखाने यांच्या उत्पादनखर्चाच्या हिशेबात रस असेल, तर सीएमएचा, म्हणजे खर्च लेखापालाच्या अभ्यासक्रमाचा, अवश्य विचार करावा. आपल्याकडे त्याकडे फारच कमी मुले वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्राध्यापक व्हायचे असेल तर मात्र एम.कॉम. अनिवार्य आहे, त्यात सर्वसाधारण गटासाठी ५५ टक्के गुण हवेत, आणि येथे सीमाभागातील विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे. प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांपैकी महाराष्ट्राची सेट कर्नाटकात चालत नाही, कर्नाटकाची के-सेट महाराष्ट्रात चालत नाही. राष्ट्रीय पातळीवरची नेट दोन्हीकडे चालते. ज्याचे घर एका राज्यात आणि नातेवाईक व संधी दुसऱ्या राज्यात आहेत, त्याने नेटचीच तयारी करावी.

नोकरीच करायची असेल, तर निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे, हा फरक मला दोन्ही विद्यापीठांच्या नावांतील फरकापेक्षा मोठा वाटतो. प्रवासात वाचलेला वेळ एखाद्या कर सल्लागाराकडे अर्धवेळ कामात घालवता येतो. आम्ही उमेदवारासमोर एका पतसंस्थेची रोकडवही आणि बँकेचा उतारा ठेवतो. २९ मार्चला भरलेला धनादेश बँकेत ३ एप्रिलला जमा झालेला असतो, आणि ३१ मार्चच्या ताळमेळपत्रकात तो कोठे दाखवायचा एवढेच विचारतो. उत्तम गुणांचे एम.कॉम. उमेदवार येथे अडखळतात, तर दुकानाची जीएसटी विवरणपत्रे भरलेली मुलगी क्षणात सांगते.

म्हणून प्रवेशापूर्वी त्या विभागात जाऊन विद्यार्थ्यांनाच विचारा, की टॅली (हिशेबाची संगणकप्रणाली) आणि जीएसटी प्रत्यक्ष संगणकावर करून घेतात की केवळ फळ्यावर शिकवतात, आणि तास दुपारपर्यंत संपतात का. पुण्याचा खर्च घरच्यांना झेपत असेल आणि तेथे आधीच एखाद्या फर्ममध्ये जागा मिळालेली असेल, तरच पुण्याला जावे.