पणजोबांची लढाईतली वही कुठे शोधावी?

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते आणि सुखरूप परत आले. तिथे ते वहीत रोजचे काही लिहीत, असे आजी सांगायची. १९६७च्या कोयना भूकंपानंतर घर बदलले आणि वही पुन्हा दिसली नाही. आता दोन पदके तेवढी आहेत. लंडनला ‘वॉर डायरी’ मिळते असे ऐकले. ती त्यांचीच असेल का? – एक वाचक, पाटण

उत्तर : नाही. वॉर डायरी पलटणीची असते. अधिकारी ती इंग्रजीत लिही : तारीख, वेळ, ठिकाण, घडामोडी. शिपायांची नावे तीत क्वचितच येतात. जखमी आणि मृत बहुधा आकड्यांत. तरीही ती मिळवाच. का, ते पुढे येईल.

सुरुवात पदकांपासून करा. त्यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या, उजेड बाजूने पाडा. चिंच किंवा पावडर लावून घासू नका. ती अक्षरे उथळ असतात आणि झिजली की कायमची जातात. समजा, कडेवर ‘११४ मराठाज’ आहे. ही पलटण ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस टिग्रिस नदीकाठी शरकातला लढली. १९२२च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. असे जुने-नवे दोन्ही क्रमांक लिहून ठेवा. पुष्कळांचा शोध इथेच चुकतो, कारण ते आजच्या क्रमांकाने १९१८चे कागद मागतात.

मेसोपोटेमियातल्या वॉर डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. सूचीत पणजोबांचे नाव टाकून काही हाती लागणार नाही. पलटणीचे नाव टाका. त्या काळच्या इंग्रजीत ‘मराठा’चे स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असे होते. त्यातला एच गाळला की सूची रिकामी दिसते. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरलाही पत्र लिहा, सोबत पदकाच्या कडेचे फोटो जोडा. मात्र शिपायाचे सेवापुस्तक मिळेलच, असे धरून चालू नका. लाहोरच्या संग्रहालयातल्या सैनिकांच्या नोंदवह्यांची बरीच चर्चा होते, पण त्या फक्त पंजाबच्या आहेत.

आता मूळ वही. ती घराबाहेर गेली असेलच असे नाही. त्या पिढीतला लिहिता माणूस बहुधा मोडीत लिही. पुढच्या पिढीला मोडी वाचता येईना, तेव्हा अशा वह्या खतावणी समजून जमिनीच्या कागदांत बांधल्या गेल्या. म्हणून आधी खरेदीखतांचा गठ्ठा सोडा. आजीच्या नणंदांच्या सासरीही विचारा. घर मोडताना ट्रंका लेकींकडे जात. पाहताना अक्षरांच्या नादी लागू नका, आकडे पाहा. मोडीतले आकडे बरेचसे बाळबोध, म्हणजे देवनागरीसारखेच असतात. हिशेबाच्या वहीत पानाच्या एका बाजूला रकमा उतरत जातात. रोजनिशीत थोड्या थोड्या अंतराने तारखा येतात. सन १९१६ ते १९१९ किंवा शके १८३८ ते १८४१ दिसले, तर ते पान बाजूला ठेवा.

वही सापडली तर पाणी लांब ठेवा. तेव्हा कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. तिचे अक्षर ओले झाले की जांभळे होऊन पसरते, मग वाचता येत नाही. ओला फडका नको, इस्त्री नको, सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकटलेली पाने ओढू नका. खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचे दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक तिरक्या उजेडात. पुसट पेन्सिल दुसऱ्यात उठून दिसते. मग कोऱ्या, न रंगवलेल्या सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवा.

वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या जाणकारांची चौकशी करा. इथे वॉर डायरी उपयोगी पडते. पेशवाईची कागदपत्रे सराईतपणे वाचणारी व्यक्तीही ‘अमारा’, ‘शरकात’ अशा तिथल्या गावांच्या नावांपाशी किंवा कानाने ऐकून लिहिलेल्या ‘ट्रेंच’, ‘रेशन’ अशा शब्दांपाशी अडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. वॉर डायरीतून गावांची आणि मुक्कामांची तारीखवार यादी करून त्यांच्या हाती द्या. तारीख नसलेली पानेही त्या यादीशी ताडून जागेवर बसवता येतात.

प्रश्न : आमच्या गावच्या संगमरवरी पाटीवर महायुद्धावर किती गेले आणि किती मेले एवढेच आहे. नावे कुठे मिळतील? – एक वाचक, सातारा

उत्तर : मृतांची मिळू शकतील. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. मेसोपोटेमियात ज्यांची कबर वा दहनाची जागा ज्ञात नाही, त्यांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. आडनावाची तीन-चार स्पेलिंगे करून पाहा : पवारचे ‘पोवार’, जाधवचे ‘जाधाव’. नोंदीत वडिलांचे नाव आणि गाव असेल तर आधी ते जुळवा, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई सापडतात. जे परत आले, त्यांची नावे या यादीत नसतात.