जुन्या टाटा ४०७ ला फायबरचे पुढचे मडगार्ड बसवावेत का? घेताना काय बघावं?

पत्र्याची गंजून चाळणी झाली असेल तर जरूर बसवा, फायबर गंजत नाही. पण घेताना मडगार्ड उलटा करून आतली बाजू बघा. धागे कोरडे, पांढरे दिसले, बोटाला टोचले, तर रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, कमी पडलंय. तो घेऊच नका.

रंग द्यायच्या आधी गाडीवर नुसता लावून बघा. भोकं सहसा तंतोतंत जुळत नाहीत, थोडी कानस मारावी लागते. घासताना मास्क हवाच, ती धूळ फार वाईट. नटाखाली मोठा वायसर आणि रबर घाला. मी एकदा जोरात आवळला आणि भोकाभोवती जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, तडकला. इंडिकेटर त्यावरच असेल तर अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत ओढा. फायबरमधून करंट जात नाही.