व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीएममध्ये एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप शेअर्ड फोल्डरमधून रिस्टोअर होत नाही, ‘ऍक्सेस इज डिनाइड’ येतं नाहीतर शून्य टक्क्यावर अडकतं, आणि सीनियर म्हणतात ‘स्नॅपशॉट आहे ना, मग रिस्टोअर करून कशाला बघायचं?’ खरंय का?

आधी तुमचा एरर उरकून टाकतो, कारण मला खरं बोलायचंय ते तुमच्या सीनियरबद्दल.

व्हर्च्युअलबॉक्समधल्या विंडोजमध्ये (म्हणजे व्हीएम, कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डॉट बॅक, म्हणजे बॅकअपची, फाइल शेअर्ड फोल्डरमधून थेट रिस्टोअर करताय म्हणून ‘ऍक्सेस इज डिनाइड’ येतंय. फाइल तुम्ही वाचत नाही, एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस वाचते, आणि ती स्वतःच्या अकाउंटने चालते. तुम्हाला एक्सप्लोररमध्ये फाइल दिसते म्हणजे तिलाही दिसते असं नाही. फाइल व्हीएमच्या आत, एसक्यूएलच्या स्वतःच्या बॅकअप फोल्डरमध्ये कॉपी करा, विषय संपला. डेस्कटॉपवर ठेवून ‘तरी येत नाही’ म्हणू नका, तिथलीही परमिशन सर्व्हिसला नसते.

शून्य टक्क्यावर अडकतं ते अडकलेलं नसतं. बॅकअपमध्ये डेटाबेसची फक्त वापरलेली पानं (डेटाचे तुकडे) असतात, पण रिस्टोअर करताना मूळ डेटाबेसच्या फाइली होत्या तेवढ्या पूर्ण साइजच्या तयार होतात आणि त्यात आधी शून्यं भरली जातात. सर्व्हिस अकाउंटला ‘परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स’ हा हक्क देऊन सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तर डेटा फाइलचं हे काम वाचतं, लॉग फाइलचं (जिच्यात प्रत्येक बदलाची नोंद होते) नाही वाचत. बऱ्याच ठिकाणी कुणी लॉगकडे वर्षानुवर्षं बघितलेलंच नसतं, डेटा पाच जीबी आणि लॉग चाळीस जीबी, मग बसा वाट बघत. त्यात व्हीएमची डिस्क डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) असेल आणि बॅकअप फाइल आणि ती डिस्क दोन्ही एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर चहा नाही, जेवण उरकून या. रिस्टोअरची फाइललिस्टओन्ली ही कमांड चालवून किती जागा लागणार ते आधीच बघता येतं. मूळ सर्व्हरवर ई ड्राइव्ह होता आणि व्हीएममध्ये नाही, तर रिस्टोअरला विथ मूव्ह लावून फाइलींची नवी जागा सांगा. नवीन व्हर्जनचा बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही, त्याला काही उपाय नाही, डोकं आपटू नका.

आता सीनियर.

मी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला होतो, सांगली-कोल्हापूरकडचे बहुतेक कस्टमर. आमचे सर (नाव घेत नाही, ते इथे वाचतात) अगदी हेच म्हणायचे. एका कृष्णाकाठच्या पतसंस्थेत त्यांनी सर्व्हर व्हीएममध्ये टाकून दिला होता, रोज रात्री स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं, म्हणजे नंतर तिथे परत जाता येतं), आणि तो स्नॅपशॉट त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर! मी विचारलं की डिस्कच गेली तर, तर म्हणाले डॉट बॅक पण जाते ना पेन ड्राइव्हवर. जायची खरंच. रात्री बॅच फाइल (आपोआप कमांड चालवणारी) बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर कॉपी करायची, सकाळी शिपाईमामा पेन ड्राइव्ह काढून घरी न्यायचे.

मला सवय होती, अधूनमधून तो पेन ड्राइव्ह मागवायचा, माझ्या लॅपटॉपवरच्या व्हीएममध्ये रिस्टोअर करायचा आणि एकच क्वेरी मारायची, व्हाउचरच्या टेबलातली सगळ्यात शेवटची तारीख काय? सर म्हणायचे तुला दुसरं काम नाही का रे, व्हेरिफाय करून बघ की, दोन मिनिटांत होतंय. २०१९ च्या जूनमध्ये असंच रिस्टोअर केलं, सगळं हिरवं, फाइल न चढवता तपासणारी व्हेरिफायओन्ली कमांडपण म्हणाली बॅकअप व्हॅलिड आहे, आणि शेवटचं व्हाउचर निघालं मार्चमधलं. मार्च! वर्षअखेरचं व्याज टाकलं, एंट्र्या वाढल्या आणि बॅकअप फाइल ४ जीबीच्या वर गेली. पेन ड्राइव्ह होता फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यावर ४ जीबीची फाइल मावतच नाही, कॉपी फेल व्हायची आणि जुनी फाइल तशीच राहायची. बॅच फाइलच्या शेवटी मात्र ‘बॅकअप पूर्ण झाला’ अशी ओळ न चुकता छापली जायची, कॉपी झाली की नाही हे न तपासता. मामा बिचारे ती वाचून पेन ड्राइव्ह खिशात टाकायचे. म्हणजे मामा रोज मार्च महिनाच घरी नेत होते.

व्हेरिफायला दोष नाही. फाइल खरंच व्हॅलिड होती, फक्त जुनी होती. फाइल धड आहे का एवढंच ते सांगतं, आत कधीचा माल आहे ते तुम्हाला उघडूनच बघावं लागतं.

मी पोर्टेबल हार्ड डिस्क एनटीएफएस (मोठ्या फाइली मावतात असा फॉरमॅट) करून दिली, बॅच फाइल बदलली, सरांनी त्या हार्ड डिस्कच्या बिलावरून मला ऐकवलं. ऑगस्टमध्ये पूर आला. सांगलीचा तो पूर कुणाला सांगायला नको. सर्व्हर तळमजल्यावर, टेबलाखाली. व्हीएम, स्नॅपशॉट, सगळं पाण्यात. पोर्टेबल मामांच्या घरी, वरच्या आळीत, कोरडी.

पाणी उतरल्यावर लोकांना पैसे लगेच हवे होते, घर धुवायचं, धान्य भरायचं, आणि नवीन सर्व्हर काही लगेच मिळेना. मग माझा लॅपटॉपच सर्व्हर झाला. व्हीएम आधीच तयार होती, रिस्टोअर केलं, लॉगिन आणि युजरची तुटलेली जोडी जुळवली (ही स्टेप सगळे विसरतात, नव्या मशीनवर युजर असतो पण त्याचं लॉगिन नसतं), नेटवर्क ब्रिज केलं (म्हणजे ऑफिसातल्या बाकी मशीनना व्हीएम थेट दिसते) आणि पासबुक प्रिंटर यूएसबीने थेट व्हीएमला जोडला. पुराच्या आधीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या एंट्र्या होत्या. एका आजींचं पासबुक चिखलाने चिकटलेलं, कॅशियर मॅडमनी पानं सुटी करून बघितली, शेवटची वाचता येणारी शिल्लक आणि स्क्रीनवरची शिल्लक पैशासकट जुळली.

आणि नंतर सर प्रत्येक नव्या कस्टमरला सांगत फिरले, बघा, आमची बॅकअप सिस्टीम कशी आहे, पुरातपण टिकली.

असो. तेव्हाही वाद मिटला नाहीच. मी सरांना गिटलॅबचं (प्रोग्रामर लोक जिथे कोड ठेवतात ती कंपनी) उदाहरण दिलं, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनियरच्या हातून चालू डेटाबेसचा फोल्डर उडाला आणि मग कळलं की डेटाबेसचा रोजचा डम्प (बॅकअपच तो) व्हर्जन न जुळल्यामुळे होतच नव्हता, त्याचे फेल झाल्याचे मेलपण पोचत नव्हते. तर सर म्हणाले, अरे पण त्यांना वाचवलं कशानं, स्नॅपशॉटनंच ना! बरोबर आहे, वाचवलं स्नॅपशॉटनं. पण तो त्यांच्या एका माणसाने सहा तास आधी वेगळ्या कामासाठी हाताने घेतला होता आणि स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या, सर्व्हरवर चढवलाही होता. म्हणजे दुसऱ्या मशीनवर उघडलेली कॉपी होती ती, योगायोगाने का होईना. माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

हां, स्नॅपशॉट टाकाऊ आहे असं म्हणत नाहीये. अपडेट मारायच्या आधी घ्या, रिस्टोअरची रंगीत तालीम करायच्या आधी घ्या, बिघडलं तर मागे जाता येतं. पण काम झालं की काढून टाका. व्हीएमचं सॉफ्टवेअर बनवणारं व्हीएमवेअर स्वतः सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि त्याला बॅकअप समजू नका. मोठ्या कंपनीत दुसऱ्या स्टोरेजवर, डेटाबेसला क्षणभर थांबवून रीतसर घेतलेली इमेज असेल तर ती गोष्ट वेगळी, तुमच्या सीनियरना तसं म्हणायचं असेल तर त्यांना विचारा ती शेवटची कधी उघडून बघितली होती. मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ) नाही, पोस्टग्रेस-मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस वापरणाऱ्यांचे फाटे वेगळे आहेत. आणि लॅपटॉपवर लाइव्ह संस्था चालवणं हे पूर आला म्हणून, एरवी करू नका.

आणि एक, तपासण्यासाठी रिस्टोअर करताना व्हीएमचं नेटवर्क बंद ठेवा. आमच्याकडे नंतर आलेल्या एका पोराने जुना बॅकअप चढवला, ऍप्लिकेशन सुरू केलं, आणि त्यातल्या एसएमएस सर्व्हिसला वाटलं मागचे सगळे मेसेज पाठवायचे राहिलेत. सभासदांना सहा महिन्यांपूर्वीचे ‘आपला हप्ता थकला आहे’ चे मेसेज गेले, त्यात कर्ज फेडून मोकळे झालेलेपण होते, आणि चेअरमनच्या भावालाही गेला. त्यामुळे रिस्टोअर झाल्या झाल्या सेटिंगच्या टेबलातून एसएमएस आणि मेलचे पासवर्ड पुसायचे, मगच नेटवर्क चालू करायचं. आणि तपासून झालं की व्हीएमची ती डिस्क डिलीट करा, लोकांची खाती आहेत त्यात.