‘मूळ’, ‘अविभाज्य’ आणि ‘दृढ’
प्रश्न असा : ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, १ आणि स्वतःखेरीज कशानेही नि:शेष भाग न जाणाऱ्या ४,१०,२४,३२० अंकी संख्येला कोणी ‘मूळ संख्या’ म्हणतात, कोणी ‘अविभाज्य संख्या’, योग्य काय?

‘मूळ’ योग्य. मात्र त्याआधी ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ या वाक्याचा निकाल लावला पाहिजे, कारण दर नव्या शोधाबरोबर ते कानांवर आदळतेच. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. सापडली ती आजवर ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत मोठी. ‘ज्ञात’ गाळणे हा संक्षेप नव्हे, ती चूक आहे.

‘मूळ’मुळे वर्गमूळाशी घोटाळा होतो, असा ‘अविभाज्य’वाद्यांचा आक्षेप असतो. असा घोटाळा झालेला विद्यार्थी त्यांनी खरोखर पाहिला आहे काय? उलट ७ ला ७ ने भाग जातोच, तेव्हा ‘अविभाज्य’ हे विशेषणच सैल आहे. बाकीच्या संख्या जिच्यापासून उपजतात ती मूळ. ग्रीकांनीही या संख्यांना ‘प्रोतोस’, म्हणजे पहिल्या, म्हटले होते आणि ‘प्राइम’ त्याच कल्पनेतून आला.

परंतु खरा रसाळ शब्द वेगळाच आहे. ‘लीलावती’च्या कुट्टकप्रकरणात, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीच्या प्रकरणात, भास्कराचार्य भाज्य आणि हार (भाजक) यांना त्यांच्या सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाने भागतात आणि उरलेल्या जोडीला ‘दृढ’ अशी संज्ञा देतात. ‘दृह्’ म्हणजे घट्ट होणे. ज्या जोडीला आणखी संक्षेप देता येत नाही, ती दृढ. ही आजची सहमूळ, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेली, जोडी झाली, मूळ संख्या नव्हे, असे काटेकोर मंडळी लगेच बजावतील. मान्य, पण १ हून मोठी एखादी संख्या तिच्याहून लहान अशा प्रत्येक नैसर्गिक संख्येशी सहमूळ असेल, तर ती मूळच असते. मग सर्वांशी दृढ ती मूळ, अशी व्याख्या करायला हरकत कोणती?

या नव्या संख्येत तर ही दृढता डोळ्यांना दिसते. ती म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत लिहिल्यास तितकेच १ ओळीने येतात, दुसरा अंक नाही. पंधरा १ लिहिले, तर त्यांचे तीन-तीनचे समान गट पडतात आणि त्या संख्येला, म्हणजे ३२,७६७ ला, १११ ने, म्हणजे ७ ने, नि:शेष भाग जातो. घातांक मूळ असला की असे गट पडत नाहीत, म्हणून तो मूळ असावाच लागतो. तेवढे पुरेसे मात्र नसते, कारण अकरा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. खुद्द मर्सेन, ज्याच्या नावाने ‘२ चा घात वजा १’ अशा या संख्या ओळखल्या जातात, त्याने १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या आपल्या यादीत ६७ हा घातांक घातला होता. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नसल्याचे गणिती ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले, तरी तिचे अवयव १९०३ मध्ये कोल यांनी मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.