ब्लॅक होलमधून प्रकाशही सुटत नाही, मग त्याचे जेट (कणांचे लांबच लांब झोत) रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत कसे चमकतात?

जेट ब्लॅक होलच्या आतून येतच नाही हो, ते बाहेर गरगर फिरणाऱ्या गरम वायूच्या चकतीजवळून आणि तिथल्या पिळल्या गेलेल्या चुंबकीय क्षेत्रातून सुटतं. त्यातले इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतात आणि चुंबकीय रेषांभोवती गोल गोल फिरताना किरणं सोडतात, याला सिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. आता सगळ्या इलेक्ट्रॉनची एनर्जी सारखी नसते, कमीवाले रेडिओ देतात, जास्तवाले दृश्य प्रकाश आणि अगदी तगडे असतील तर थेट एक्स-रे, म्हणून एकच जेट इतक्या वेगवेगळ्या दुर्बिणींना दिसतं. गॅमा किरणं बऱ्याचदा वेगळ्या मार्गाने येतात, म्हणजे हेच इलेक्ट्रॉन कमी एनर्जीच्या फोटॉनला (प्रकाशाच्या कणाला) धडकून त्याची एनर्जी प्रचंड वाढवतात (इन्व्हर्स कॉम्प्टन).

मला सगळ्यात भारी वाटतं ते एम८७ या दीर्घिकेचं जेट, १९१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिसने बघितलेलं, हजारो प्रकाशवर्षं लांब! त्यातले एक्स-रे देणारे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच एनर्जी गमावतात, तरी जेट एवढ्या लांबवर एक्स-रेमध्ये चमकतं, म्हणजे वाटेतच त्यांना पुन्हा पुन्हा वेग मिळत असणार, बहुधा शॉक वेव्हमुळे किंवा चुंबकीय रेषा तुटून परत जोडल्या जाताना.