आधी शिक्का वाच

पोरी, अनेक आशीर्वाद.

जीपीओचे, म्हणजे मुख्य पोस्टाचे, फोटो मिळाले. दगडी भिंतींवरचं सकाळचं ऊन छान पकडलं आहेस. पण एवढ्या फोटोंत एकही माणूस नाही, एकही पत्र नाही. जुन्या पोस्टांवर लिहायचं असेल तर इमारत शेवटी घे. सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून कर.

एखादं जुनं पोस्टकार्ड काढ. आपल्याकडे कार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. गरिबालाही परवडेल असं ते टपाल. त्यावर बऱ्याचदा दोन शिक्के दिसतील, एक निघाल्या गावचा, एक पोचल्या गावचा. माझ्याकडे मावशीचं साताऱ्याहून आलेलं कार्ड आहे. साताऱ्याचा शिक्का ३ तारखेचा, इंग्रजीत ‘पूना’ लिहिलेला ४ तारखेचा. म्हणजे रात्रीतून कुणीतरी थैली बांधली, कुणी उतरवली, कुणी पत्ता वाचून योग्य खणात टाकलं. तुझा लेख त्या रात्रीत आहे.

शाळेत असताना तिकिटं जमवायच्या नादात मी आईची पत्रं पाण्यात भिजवली. तिकिटं सुटली, शिक्के अर्धे राहिले. ती पत्रं कुठून कधी निघाली हे आता कळायला मार्ग नाही. याची हळहळ अजून जात नाही. तू तिकीट कधीही सोडवू नकोस.

कार्डाचे कोपरेही बघ. शुभवार्तेला कुंकवाचं बोट लागलेलं असे. अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झालं की ते घरात ठेवत नसत. म्हणून तसं कार्ड तुला ट्रंकेत बहुधा मिळणार नाही. त्याबद्दल आजीला विचार, पण सावकाश विचार.

मग पत्ता वाच. आपल्या पेठांतले पत्ते देवळांवरून चालत: खुन्या मुरलीधरासमोर, पत्र्या मारुतीजवळ. पेठेतल्या पोस्टमनला तेवढं पुरे. पण पुण्याच्या आसपासच वडगाव किती! मावळातलं, बुद्रुक, शेरी. देशभर अशी एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारी अक्षरं. यावर तोडगा काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातला मोठा अधिकारी आणि संस्कृतचा कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिले तीन आकडे पत्राला टपालाची वर्गवारी होते त्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टापर्यंत. ४११००२ म्हटलं की सिटी पोस्ट, ४११०३० म्हटलं की सदाशिव पेठ. नावांच्या गोंधळातून वाट काढणारी ही रचना शब्दांवर जीव असलेल्या माणसाला सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एवढं झालं की लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टात जा. कॅमेरा पिशवीत ठेव. काउंटरची गर्दी ओसरू दे, मग एखाद्या जुन्या पोस्टमनला त्याची बीट, म्हणजे रोजच्या वाटपाचा भाग, विचार: कोणता वाडा पडला, कोणत्या जिन्यावर अजून पेन्शनची वाट बघतात. परवानगी घेऊन, जमलं तर एक फेरी त्याच्याबरोबर चाल. फोटो त्यानंतर.

तुझा,
काका

ता. क. उत्तर फोनवर नको, कार्डावर पाठव. ५० पैशांत मिळतं. पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते, त्याच्या आधी टाक. इथला शिक्का कधीचा पडतो ते मी बघून ठेवतो.