आशीर्वाद देतात की मागतात?

प्रश्न असा: पूजा, कीर्तन किंवा प्रार्थना संपताना जे आशीर्वादपर म्हटले जाते, ते म्हणणारा आशीर्वाद ‘देतो’ की ‘मागतो’? आणि पसायदानाला आशीर्वाद म्हणावे का?

उत्तर देतोच, पण विचारणाऱ्याने मूळ प्रश्नात ‘आशिर्वाद’ असे लिहिले आहे, त्याचा निकाल आधी लावू. लग्नपत्रिका, फलक, शुभेच्छापत्रे, जिकडे पाहावे तिकडे हा ऱ्हस्व ‘शि’ ठाण मांडून बसलेला. मूळ शब्द आशिस्. त्याच्या रूपांत पुढे स्वर आला की ‘शि’ ऱ्हस्व राहतो: आशिषा, आशिषः. म्हणून ‘आशिष’ हे नाव ऱ्हस्व. समासात पुढे ‘वाद’ किंवा ‘वचन’ आले की स् चा र् होतो आणि त्या र् च्या आधीचा इकार दीर्घ होतो: आशीर्वाद, आशीर्वचन. ‘गिर्’ म्हणजे वाणी, तिचे ‘गिरा’ होताना गि ऱ्हस्व आणि ‘गीर्वाण’ होताना दीर्घ, तोच हा प्रकार. ‘निर्वाण’, ‘दुर्गुण’ दाखवून कोणी अडवू नये. निर् आणि दुर् हे उपसर्ग आहेत, हा नियम धातूंचा आहे.

आता ‘आशिस्’चा अर्थ. नेहमीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. हा शब्द ‘आ’ आणि ‘शास्’ यांपासून झाला, आणि ‘आशास्ते’ याचा अर्थ इच्छितो, मागतो. देण्याचा त्यात मागमूस नाही. पाणिनीचे ‘आशिषि नाथः’ (2.3.55) हे सूत्र पाहा. त्याचे ठरलेले उदाहरण ‘सर्पिषो नाथते’, म्हणजे ‘मला तूप मिळो’ असे तो म्हणतो. इथे आशिस् आहे, पण ती देणारा कोणी वडीलधारा नाही. एक तुपाचा इच्छुक आहे, आणि तो स्वतःसाठीच मागतो आहे!

यज्ञाच्या समाप्तीकडे पाहिले तर हे आणखी स्वच्छ दिसते. दर्शपूर्णमास इष्टीत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञात, शेवटाकडे ‘होता’ नावाचा पुरोहित सूक्तवाक हा पाठ म्हणतो. त्यात यजमानाचे, म्हणजे यज्ञ करवणाऱ्याचे, नाव घेऊन ‘आयुराशास्ते, सुप्रजास्त्वमाशास्ते’ अशी यादीच येते: हा आयुष्य मागतो, हा चांगली संतती मागतो. होता यजमानाला काही देत नाही, त्याची मागणी देवांच्या कानावर घालतो. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर बजावूनच सांगतो की ऋत्विज, म्हणजे पुरोहित, यज्ञात जी काही आशिस् मागतील ती यजमानाचीच. उपासनेच्या शेवटी येणाऱ्या आशीर्वादाचा हा सर्वांत जुना साचा मला वाटतो: एकाने दुसऱ्यासाठी, सगळ्यांसमक्ष, मोठ्याने मागायचे. पुण्याहवाचनात ते प्रश्नोत्तरासारखेच चालते. यजमान म्हणतो, ‘पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु’, आणि ब्राह्मण उत्तरतात, ‘पुण्याहम्’. ‘वाचन’ म्हणजे इथे पोथी वाचणे नव्हे, वदवून घेणे. यजमान वदवून घेतो.

आणि हे केवळ संस्कृतचे वैशिष्ट्य नाही. ‘दुवा’ घ्या. (सांधणारा दुवा वेगळा, त्याला इथे आणू नका.) मराठीत आपण दुवा देतो, म्हातारीचा दुवा घेतो. मूळ अरबी ‘दुआ’ म्हणजे हाक, देवाला घातलेली साद, अर्थात मागणेच. त्याच धातूचा ‘दावा’, त्याचीच ‘दावत’. कचेरीत दावा लावणारा आणि दारात दुवा देणारा एकाच कुळातले निघतात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. आशिस् आणि दुआ, दोन अगदी निरनिराळ्या घराण्यांतले शब्द, दोघांचाही प्रवास मागण्याकडून देण्याकडे झाला. माझे म्हणणे असे की हा योगायोग नाही. प्रार्थनेच्या शेवटी जो दुसऱ्यासाठी मागतो, त्याच्या तोंडून ते ऐकणाऱ्याला ते मिळाल्यासारखेच वाटते. ऐकणाऱ्यांनीच क्रियापद बदलले.

बायबलमधल्या गणना या पुस्तकात अहरोनाचा आशीर्वाद आहे (6:24 ते 26). ख्रिस्ती उपासनेच्या शेवटी तो आजही म्हणतात. मूळ हिब्रूत तीन ओळी, शब्द अनुक्रमे 3, 5 आणि 7. आशीर्वाद म्हणता म्हणता रुंदावत जातो. म्हणतात याजक, पण लगेच पुढच्या, 27 व्या वचनात देव स्पष्ट करतो की याजकांनी माझे नाव लोकांवर ठेवायचे, आशीर्वाद मी देईन. तेव्हा ‘पाळकांनी आशीर्वाद दिला’ हे रूढ आहे, चूकही नाही, पण तिथेही देणारा दुसराच आहे.

पसायदानाकडे येतो, आणि इथे माझा संयम सुटतो. ‘पसाय म्हणजे पसा, म्हणून पसायदान म्हणजे पसाभर दान’ हे निरूपण मी इतक्यांदा ऐकले आहे की सांगणाऱ्याचे पुढचे वाक्यही मला पाठ झाले आहे: संत किती नम्र, पसाभरच मागितले! ऐकायला गोड, व्युत्पत्ती म्हणून टाकाऊ. पसा हा ‘प्रसृत’पासून आला, म्हणजे पोकळ केलेला तळवा. पसाय हा ‘प्रसाद’पासून. प्राकृतात प्र चा प झाला, दोन स्वरांमधला द गळला आणि त्या जागी य आला. पाद या शब्दाचा पाय याच वाटेने झाला. आणि इथे प्रसाद म्हणजे शिरा नव्हे. प्र आणि सद्, खाली बसणे, निवळणे. गढूळ पाणी निवळले की ते ‘प्रसन्न’ होते. त्यावरून मनाची प्रसन्नता, त्यावरून कृपा, आणि सर्वांत शेवटी द्रोणातला पदार्थ.

शिवाय पुरावा त्याच नऊ ओव्यांत पडला आहे, पण तिथवर पोहोचेपर्यंत लोकांचे हात टाळ्यांसाठी सरसावलेले असतात. पहिल्या ओवीत ‘पसायदान हे’ आणि शेवटच्या ओवीत ‘येथ म्हणे श्रीविश्वेशरावो । हा होईल दानपसावो’. तेच दोन शब्द, जागा बदललेले. ‘पसावो’ म्हणजे प्रसादच. पसाभर धान्याचा ‘पसावो’ कसा होतो ते पसावाल्यांनी दाखवावे.

आणि या अदलाबदलीतच उत्तर आहे. पहिल्या आठ ओव्या हे मागणे आहे: ‘तोषोनि मज द्यावे’. आशीर्वाद आहे तो फक्त नवव्या ओवीत, आणि तो ज्ञानदेवांचा नाही, विश्वेशरावांचा आहे. ज्ञानदेव आशीर्वाद देत नाहीत, त्यांना तो मिळतो आणि ते ‘सुखिया’ होतात. विश्वेशराव म्हणजे निवृत्तिनाथ, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार करतात. मला तो पटत नाही. मागणे ‘विश्वात्मके देवे’ अशा शब्दांत केले आहे, मग उत्तर देणारा विश्वाचा ईश तोच असणार. गुरू आणि देव एकच, हे तत्त्वज्ञान ठीक आहे, पण ओवीत जो शब्द आहे तो आधी वाचावा, तत्त्वज्ञान मागून आणावे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्याने एवढा ग्रंथ शब्द तोलून सिद्ध केला, तो शेवटच्या ओवीत ‘विश्व’ हा शब्द उगाच परत आणील असे मला वाटत नाही.

म्हणून पसायदान ‘म्हणावे’ किंवा ‘मागावे’. ‘अध्यक्षांनी पसायदान दिले’ असे एका इतिवृत्तात वाचले, ते मात्र नको.

राहिली क्रियापदांची गोष्ट. पाणिनी आशिस् या अर्थी दोन रूपे सांगतो, लिङ् आणि लोट् (3.3.173). लिङ् म्हणजे ‘भूयात्’. ते पत्रिकेतल्या ‘शुभं भूयात्’पुरते उरले. लोट् म्हणजे ‘भवतु’, ‘अस्तु’, ‘सन्तु’. पूजेअखेर अक्षता टाकताना गुरुजी ‘पूर्णाः सन्तु मनोरथाः’ म्हणतात ते हेच. या भवतुचे प्राकृतात ‘होउ’ झाले आणि मराठीत ‘हो’, ‘होवो’. खळांची व्यंकटी ‘सांडो’, सत्कर्मी रती ‘वाढो’, दुरितांचे तिमिर ‘जावो’ ही सगळी त्याच तु ची नातवंडे. आज्ञार्थाच्या कोष्टकात बसवली तरी या रूपांत आज्ञा कोणालाच नसते.

आणि या रूपाला अनेकवचन असते, हे पत्रिका छापणाऱ्यांना कोणीतरी सांगा. ‘आपला आशीर्वाद राहो’ बरोबर. ‘आपले आशीर्वाद राहो’ चूक. तिथे ‘राहोत’ हवे.